परबबाईंचा रिकामा इनबॉक्स

परबबाई मेल उघडताना "बोला" म्हणायच्या.

खिडकीतला कारकून मान खाली घालून म्हणतो तसं नव्हे. खुर्चीत जरा पुढे सरकून, चष्मा सारखा करून, समोर खरंच कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं. "हं, बोला." मग मेल वाचायच्या तो खालून वर. आधी नाव, मग इमारत, मग मजला आणि शेवटी तक्रार. मी नवीन होते, मला गंमत वाटली. विचारलं तर म्हणाल्या, "आधी कोण बोलतंय ते बघायचं गं. काय बोलतंय ते नंतर. उलटं केलंस की माणसाच्या आधी त्याची चिडचिड दिसते."

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका जुन्या कारखान्याच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचा तक्रार विभाग आहे. तक्रारी ईमेलने यायच्या. गोरेगाव ते बोरिवली परबबाईंकडे, घाटकोपर ते मुलुंड मेहुलकडे. मी अंधेरी बघायची आणि परबबाईंच्या हाताखाली शिकायची. प्रत्येकाचा पत्ता वेगळा, इनबॉक्स वेगळा.

संध्या परब तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या होत्या. कंपनी पत्र्याच्या शेडमध्ये होती तेव्हा त्या आवक-जावकला लागल्या. आलेल्या प्रत्येक पत्रावर शिक्का, शिक्क्यात नंबर, नंबर रजिस्टरमध्ये. कागद गेले, संगणक आले, पण रजिस्टर गेलं नाही. लाल कापडी पाठीचं ते रजिस्टर कीबोर्डच्या डाव्या हाताला असायचं आणि मेल आला की आधी त्यात नंबर पडायचा. मेहुल म्हणायचा, "बाई, कॉम्प्युटरवर भरोसा नाही का?" त्यावर परबबाई म्हणायच्या, "कॉम्प्युटरवर आहे रे. कॉम्प्युटर विकत घेणाऱ्यांवर नाही."

संध्याकाळी पावणेसहाला त्यांचा इनबॉक्स रिकामा असायचा. रोज. एकही ओळ नाही, पांढरा पडदा. मग त्या पडद्यावर क्रोशाने विणलेला रुमाल टाकायच्या, पूर्वी घराघरांत टीव्हीवर टाकायचे तसा, आणि बोरिवलीला घरी जायच्या. मेहुलच्या इनबॉक्समध्ये न वाचलेलेच चार हजारांवर मेल होते. तो एकदा म्हणाला, "तुमचा इनबॉक्स बघितला की वाटतं कंपनी बंद पडली."

"आणि तुझा बघितला की वाटतं पडायला हवी."

इनबॉक्स रिकामा म्हणजे काम संपलेलं नव्हे, हे मला आठवडाभराने कळलं. त्यांनी चार फोल्डर केले होते. त्यांना त्या खण म्हणत. पहिला "आज". दुसरा "माणूस गेला", म्हणजे तंत्रज्ञ पाठवला. (बाईंनी तो खण उघडला की मेहुल दरवेळी हात जोडायचा.) तिसरा "वाट बघतायत". चौथा "मिटलं". तिसऱ्या खणाला बाकी सगळे पेंडिंग म्हणतात. मीही म्हणाले. परबबाईंनी मान हलवली. "पेंडिंग म्हटलं की काम झोपतं. वाट बघतायत म्हटलं की कोणीतरी उभं दिसतं."

आणि "मिटलं" या खणात मेल टाकायचा हक्क त्यांनी स्वतःला दिलेला नव्हता. तंत्रज्ञ म्हणाला झालं, साहेब म्हणाले झालं, तरी नाही. ज्याने तक्रार केली त्याला फोन लावायचा. "परब बोलते. झालं का?" त्याने झालं म्हटलं की मगच. एकदा मालाडच्या एका आजोबांनी "झालं असावं" असं म्हटलं, तर तो मेल आणखी तीन दिवस तिसऱ्या खणात राहिला. "असावं म्हणाले," त्या म्हणाल्या. "जिना चढून आले असतील बिचारे, लिफ्टपाशी गेलेच नसतील."

दुसरा नियम, आलेल्या दिवशीच उत्तर. काम होवो न होवो. "आपला मेल मिळाला. पार्ट नाही. सोमवारी पुन्हा कळवते." मराठीत, दोन बोटांनी टाइप करून, खाली पूर्ण नाव. वरून आलेले तयार मजकूर, मूल्यवान ग्राहक वगैरे, त्यांनी कधी वापरले नाहीत. एकदा चहा पिताना बोलता बोलता म्हणाल्या, की त्यांचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी कामासाठी एक अर्ज केला होता. पोस्टमन यायच्या वेळेला ते रोज चाळीच्या पायरीवर बसायचे. किती वर्षं, ते बाई सांगेनात. इतकंच म्हणाल्या, "नाही म्हणून तरी कळवायचं होतं ना."

शिकवायच्या त्या अशा, सांडत सांडत. मेलच्या विषयात आलेलं "हेल्प" किंवा "व्हेरी अर्जंट" पुसून त्या जागी इमारतीचं नाव आणि लिफ्टचा नंबर लिहायचा. एका मेलमध्ये एकच मागणी. सीसीमध्ये सात साहेबांना घालायची मला सवय होती, ती त्यांनी मोडली. "सीसी म्हणजे चाळीची गॅलरी गो. भांडण लागलं की सगळी उभी ऱ्हवतत. खाली कोण येणा नाय." मालवणी अशी अधूनमधून यायची, बहुतेक राग आला की.

मला त्या पत्रकबाई म्हणायच्या. त्याला कारण होतं. आमच्या घाटकोपरच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील बुलढाण्याकडून आले ते कामाबरोबर चळवळ घेऊनच. पाणी, घरं, आरक्षण, कंत्राटी कामगार, प्रत्येक गोष्टीचं पत्रक निघायचं आणि गठ्ठे आमच्या पलंगाखाली. मी अक्षरं त्यांवरच शिकले. त्यामुळे माझ्या साध्या मेलमध्येही "जाहीर निषेध" येऊन बसायचा. परबबाई वाचायच्या, म्हणायच्या, "आली आमची पत्रकबाई. लिफ्ट कुठली ते लिही आधी."

गोरेगावजवळच्या दिंडोशीचा मेल आला तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसले होते.

"हं, बोला," त्या म्हणाल्या आणि खालून वाचू लागल्या. सर्वात खाली लिहिलं होतं: "टाइप करणारी: प्रतिभा. बाबांनी फार सौम्य लिहिलंय." परबबाई हसल्या. मग वरचं वाचलं. लिहिणारे गांगुर्डे, शाळेतून निवृत्त झालेले शिपाई, इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. महोदय, सप्रेम जय भीम व नमस्कार. आमच्या विंगची एकमेव लिफ्ट, क्रमांक दोन, चालू आहे, परंतु मजल्याच्या पातळीला थांबत नाही. कधी चार बोटं वर थांबते, कधी खाली. इतर रहिवासी पाय उचलून जातात. माझी मुलगी व्हीलचेअर वापरते. तिला साकीनाक्याच्या एका कारखान्यात स्विचबोर्ड जोडण्याचं काम मिळालं असून नऊला पोचावं लागतं. तरी कृपया लक्ष घालावे.

तंत्रज्ञ दोनदा जाऊन आला होता. त्याने परबबाईंना फोनवर सांगितलं, "मॅडम, ब्रेक झिजलाय, कंट्रोलरचं कार्डपण गेलंय. पार्ट वरून मंजूर झाला पाहिजे. मी काय करू? माझ्या फॉर्मात दोनच खाने आहेत, लिफ्ट चालू की बंद. चालू तर आहे."

पुढच्या शनिवारी परबबाई स्वतः दिंडोशीला गेल्या. असं करायचा नियम नव्हता. मला म्हणाल्या, "येतेस? नुसतं निषेध निषेध करतेस."

नाल्याकाठची वस्ती उठवून बांधलेली पुनर्वसनाची इमारत होती. गांगुर्डे अकराव्या मजल्यावर. जमिनीवर राहणाऱ्या माणसांना उचलून आकाशात ठेवलं आणि खाली कसं यायचं ते ज्याचं त्याने बघायचं, असं काहीतरी माझ्या मनात जुळत होतं. लिफ्ट अकराव्यावर थांबली, दार उघडलं आणि समोरची फरशी आमच्या घोट्याइतकी खाली. मी पाय टाकून उतरले. मला काही वाटलंच नाही. परबबाई मात्र लिफ्टमध्येच वाकल्या, हात आडवा धरला आणि उंबऱ्याला लावून बघितला. "चार बोटं," त्या म्हणाल्या आणि तिथेच उभ्याने रजिस्टरात लिहिलं. रजिस्टर त्या पिशवीतून घेऊन आल्या होत्या.

प्रतिभा दारातच होती. तेवीस-चोवीस वर्षांची, तोंडाने तिखट.

"तुम्ही परबमॅडम? मेलवरून वाटलं होतं जाड असाल."

"ते का गं?"

"शांत लिहिता म्हणून."

गांगुर्डे कानकोंडे झाले. "मॅडम, तिचं मनावर घेऊ नका."

"घेते मनावर. घ्यायलाच आले," परबबाई म्हणाल्या. "सकाळी जातेस कशी?"

"शेजारचा सचिन आहे ना. तो मला मागे झुकवतो, मग उचलून आत. खाली वॉचमन. बाबांचे गुडघे गेलेत. सचिनची शिफ्ट बदलली की माझी गैरहजेरी. सुपरवायझर दोनदा बोललाय, तिसऱ्यांदा बोलणार नाही म्हणाला."

"फळी टाकून बघितली?"

"दोन केल्या. एक वरची, एक खालची. लिफ्टला कळत नाही ना मॅडम, आज कुठली आणलीय ते." ती हसली. मग एकदम म्हणाली, "मला उचलून घेतलेलं आवडत नाही. पहिला पगार झाला तेव्हा वाटलं होतं, आता नाही कोण उचलणार."

परत येताना साकीनाक्याचा रस्ता कुठून लागतो, तेवढं परबबाईंनी रिक्षावाल्याला विचारलं.

पुढचे अकरा दिवस त्यांनी त्या पार्टचा पिच्छा पुरवला. रोज सकाळी एक मेल, एकालाच, तीन ओळींचा. विषय: दिंडोशी, लिफ्ट क्रमांक दोन, ब्रेक व कार्ड. बाराव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी उत्तर आलं: मंजूर, मंगळवारी बसेल. परबबाईंनी गांगुर्ड्यांना तसं कळवलं आणि मेल उचलून "वाट बघतायत" खणात ठेवला. मंगळवारी फोन करायचा, झालं का विचारायचं आणि मग "मिटलं".

त्याच शनिवार-रविवारी कंपनीत नवी सिस्टिम बसायची होती. आता तक्रारीला तिकीट म्हणायचं आणि ग्राहकाने ती अॅपवरून करायची. आमच्या मॅनेजर देसाई सरांचा सगळ्यांना मेल आला: जुनी कामं आपोआप नव्या सिस्टिममध्ये येतील, त्याआधी सर्वांनी आपापले इनबॉक्स नीट लावून ठेवावेत.

शुक्रवारी संध्याकाळी परबबाईंनी इनबॉक्स लावला. पाहुणे यायच्या आधी घर आवरतात तसा. रिकामा तर तो रोजच असायचा. त्या दिवशी त्यांनी खणांमधलंही एकेक तपासलं, एकेकाला नंबर आहे की नाही बघितलं. मेहुल बॅग उचलून निघाला. "मी काय लावू? चार हजार आहेत. सिस्टिमच बघून घेईल."

सोमवारी सिस्टिम सुरू झाली. मेहुलच्या नावावर चार हजार तिकिटं. त्यात कुणाच्या तरी दिवाळीच्या शुभेच्छा, कॅन्टीनचा मेनू आणि घाटकोपरच्या एका इमारतीची आठ महिन्यांपूर्वीची तक्रार, सगळं आलं. वरून माणसं आली त्याला मदत करायला. आठवड्यात त्यातल्या खऱ्या तक्रारी निवडून कामाला लागल्या. आठ महिने थांबलेली लिफ्टसुद्धा सुरू झाली.

परबबाईंच्या नावावर शून्य.

ज्यांनी ती सिस्टिम बनवली त्यांनी गृहीत धरलं होतं, की राहिलेलं काम इनबॉक्समध्ये पडून असतं आणि फोल्डरमध्ये जातं ते झालेलं. त्यामुळे त्यांनी फक्त इनबॉक्स उचलले. पसारा तेवढा नव्या घरात पोचला. नीट लावून ठेवलेलं मागे राहिलं.

बाई पडद्याकडे बघत होत्या तेवढ्यात देसाई सर केक घेऊन आले. खरंच केक. सगळ्या विभागाला उभं केलं. "परब मॅडम! अख्ख्या उपनगरात एकच डेस्क, झीरो पेंडिंग. हे मॉडेल डेस्क आहे. शिका सगळे." टाळ्या. परबबाईंच्या हातात प्लॅस्टिकची सुरी दिली.

"एकतीस आहेत," त्या म्हणाल्या.

"काय?"

"एकतीस माणसं वाट बघतायत सर. तिसऱ्या खणात."

देसाई सर हसले. त्यांना वाटलं बाई लाजल्या. "बघा, किती नम्र! कापा, कापा." फोटो काढले. तो फोटो अजून नोटीस बोर्डावर आहे. त्यात सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि परबबाई देसाई सरांकडे, कुणीतरी ऐकेल म्हणून तोंड अर्धं उघडं.

मंगळवारी पार्ट आला नाही. ज्या तक्रारीसाठी मंजूर झाला होता ती तक्रारच सिस्टिममध्ये नव्हती. म्हणून तो भांडारात परत गेला आणि तिथून दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीला.

बाईंनी सिस्टिमवाल्यांना मेल केला. विषय: गोरेगाव ते बोरिवली, एकतीस तक्रारी, नव्या सिस्टिममध्ये घेणे. मिनिटभरात आपोआप उत्तर आलं: आपली विनंती नोंदवली आहे. दुसऱ्या दिवशी दुसरं आलं: तक्रार फक्त ग्राहक नोंदवू शकतो. आपली विनंती बंद करण्यात आली आहे. बाईंनी ते दोनदा वाचलं, खालून. खाली नाव नव्हतं.

"कोण बोलतंय तेच कळत नाय," त्या म्हणाल्या. "आता बोलूचा कोणाशी?"

मग त्यांनी रजिस्टर उघडलं आणि एकतीस जणांना फोन लावले. "परब बोलते. माझ्याकडून चूक झाली. तुमची तक्रार हरवली. अॅपवर पुन्हा कराल का?" माझ्याकडून चूक झाली, असं एकतीस वेळा. मी म्हटलं, "बाई, तुमची चूक कुठे? तुम्ही का माफी मागताय?" त्या म्हणाल्या, "फोन मी केलाय ना. मग ऐकणारा दुसऱ्या कुणाला माफ करणार?" पंधरवड्यात तीस जणांनी पुन्हा तक्रारी केल्या. कुणाला अॅप जमेना, त्यांच्या नातवंडांना बाईंनी फोनवर शिकवलं.

एकतिसावी दिंडोशी. प्रतिभाने त्याच दिवशी तिकीट केलं. तंत्रज्ञ गेला, त्याच्या मोबाइलवर दोनच खाने: चालू, बंद. त्याने चालू दाबलं. दाबल्याक्षणी तिकीट आपोआप मिटलं. आणि पार्टची मागणी उघड्या तिकिटावरच करता येते. तिने पुन्हा केलं. पुन्हा चालू. पुन्हा मिटलं. पाच वेळा. बाई देसाई सरांच्या केबिनमध्ये गेल्या आणि हात आडवा धरून चार बोटं दाखवली. सर म्हणाले, "मॅडम, मला समजतंय. पण सिस्टिममध्ये ही कॅटेगरीच नाही. मी वर सुचवतो." मला वाटतं त्यांनी सुचवलंही असेल. मी त्यांना राक्षस ठरवायचा खूप प्रयत्न केला, तसा तो माणूस नव्हता. त्यांच्याही पडद्यावर वरचं कुणीतरी शून्य बघत होतं.

माझं डोकं फिरलं. मी जेवणाच्या सुट्टीत बसून कंपनीतल्या सर्वांना मेल लिहिला. दोन पानी. विषय: जागे व्हा! त्यात व्यवस्था होती, शोषण होतं, वस्त्या उठवणारे बिल्डर होते, माणसाला खान्यात कोंबणारं यंत्र होतं. वाटलं, आता काहीतरी होईल. तीन उत्तरं आली. दोन जण सुट्टीवर असल्याची आपोआप आलेली होती, तिसऱ्याने विचारलं होतं की हा मेल त्याला का आलाय. दुसऱ्या दिवशी सर्वांना मेल पाठवायची माझी सोय बंद करण्यात आली. झालं ते एवढंच.

परबबाईंनी तो पूर्ण वाचला. आधी म्हणाल्या "बोला", मग खालून वर, माझ्या नावापासून.

"छान लिहिलंस गं," त्या म्हणाल्या. "खरंच छान. पण यात दिंडोशी कुठेय?"

मी पुन्हा बघितलं. नव्हतं. दोन पानांत इमारतीचं नाव नव्हतं, लिफ्टचा नंबर नव्हता, ब्रेक नव्हता, कार्ड नव्हतं. प्रतिभा नव्हती. मला त्यांनी इतके महिने शिकवलेलं एकही वाक्य त्यात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, असतं तरी काय झालं असतं? बाईंच्या मेलमध्ये ते सगळं असायचं, तीन ओळींत.

परबबाई सेवानिवृत्त झाल्या तो महिनाअखेरचा दिवस होता. जुना इनबॉक्सही त्याच दिवशी बंद व्हायचा होता. नव्या सिस्टिमनंतर तिथे कुणी लिहीत नव्हतं. फक्त गांगुर्डे लिहायचे. अॅप मुलगी करते, म्हणायचे, पण मॅडमना आपण लिहिलेलं बरं.

दुपारी समारंभ झाला. शाल, नारळ, पुन्हा केक. मेहुल बोलायला उभा राहिला आणि "बाई, तुमच्या डेस्कवर..." इतकंच बोलून खाली बसला. पाच वाजता बाई जागेवर आल्या, रुमाल उचलला. इनबॉक्समध्ये एक मेल होता.

"हं, बोला," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या खांद्यावरून वाचला, त्यांच्यासारखाच खालून. खाली "टाइप करणारी" ही ओळ नव्हती. गांगुर्ड्यांनी स्वतः टाइप केला होता, अनुस्वार सगळे चुकलेले. महोदया, सप्रेम जय भीम व नमस्कार. कळविण्यास खेद होतो की कु. प्रतिभा हिची जागा कारखान्याने भरली आहे. आता तिला रोज खाली जाण्याची आवश्यकता उरली नाही. आपण आमच्यासाठी फार त्रास घेतला. तरी आमची तक्रार मिटली असे समजावे, ही विनंती.

परबबाईंनी तो एकदा वाचला.

मला त्यांचा नियम पाठ होता. ज्याने तक्रार केली त्याने झालं म्हटलं की मेल चौथ्या खणात. इतकी वर्षं कंपनीत कुणाचंही चालू दिलं नव्हतं, फक्त त्या एका माणसाचं चालायचं. आणि आज तोच सांगत होता, मिटलं समजा. त्यांचा हात माऊसवर होता. "मिटलं" या फोल्डरवर बाण नेऊन त्यांनी थांबवला. मला वाटलं आता रडतील. नाही रडल्या.

"ते आपल्याला सोडवतायत गं," त्या म्हणाल्या. "आपण त्यांना सोडवायचं होतं."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्याकडे पलंगाखाली गठ्ठे भरतील इतके शब्द होते. मी नुसती खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले.

त्यांनी दोन बोटांनी उत्तर टाइप केलं. आलेल्या दिवशीच, नेहमीप्रमाणे. "आपला मेल मिळाला. तक्रार मिटलेली नाही. संध्या परब." पाठवलं. मग गांगुर्ड्यांचा मेल कुठल्याच खणात न टाकता, न वाचलेल्यासारखा ठळक करून इनबॉक्समध्येच राहू दिला. पांढऱ्या पडद्यावर एक काळी ओळ. पावणेसहाला त्यांनी त्यावर रुमाल टाकला. थोड्या वेळात तो इनबॉक्स बंद होणार होता आणि ती ओळ कुणालाच दिसणार नव्हती, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

रजिस्टर त्यांनी पिशवीत घातलं. शाल मेहुलला दिली, "आईला दे तुझ्या," म्हणाल्या, आणि नारळ तेवढा घेतला.

मी लिफ्टपर्यंत गेले. दार उघडलं. परबबाई आत शिरल्या नाहीत. पिशवी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकत वाकल्या आणि लिफ्टच्या उंबऱ्यावर आडवा हात ठेवून बघितला. बाहेरची फरशी आणि आतली फरशी एक. मधून नखसुद्धा आत जाईना.

आमच्या ऑफिसची लिफ्ट नेहमीच अगदी बरोबर थांबते.

त्या उठल्या, पिशवी उचलली, आत गेल्या. दार मिटेपर्यंत खाली उंबऱ्याकडेच बघत होत्या.